जीपमधला साटा

शहराच्या नावाच्या पाट्या बदलल्या त्या सालातली ही गोष्ट. पाट्या बदलणाऱ्यांना सांडू पठाडे माहीत नव्हता, आणि सांडूलाही पाट्यांचं सोयरसुतक नव्हतं. त्याची स्वतःची पाटी त्याआधीच पुसली गेली होती. करमाडच्या शिवारात जिथं त्याची काळी जमीन होती तिथं आता पत्र्याचं लांबलचक शेड आहे. शेडच्या दारात चौकीदार आहे, आणि तो चौकीदार सांडूला विचारतो, "बाबा, काय काम हाय इथं?"

जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, भरपाई म्हणून मावेजा आला. मावेजा आलेल्या गावाला वर्ष-दोन वर्षं लग्नघराची कळा असते, मग तेराव्याची. कुणी बंगला बांधला, कुणी पोराला पुढारी केलं, कुणी नुसतंच पिऊन संपलं. सांडूनं चिकलठाण्याला दोन खोल्या टाकल्या आणि एक जीप घेतली. पांढरी, उंच, सात माणसं बसतील अशी. शिकलेली पोरं तिला एसयूव्ही म्हणत. सांडू जीपच म्हणायचा. खोल्या काय, कुणाच्याही असतात. जमिनीचं म्हणून जे काही हाताला उरलं होतं ते ही जीप. चाकांवर उभी केलेली काळीच ती, असं तो धरून चालला होता.

म्हणून तर पोळ्याच्या आदल्या दिवशी तो जीपच्या बॉनेटला तूप-हळद चोळायचा, बैलाच्या खांद्याला चोळतात तशी. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असं तिला म्हणायचा. आणि पोळ्याच्या दिवशी वेरूळचं भाडं दारात येऊन उभं राहिलं तरी किल्ली खुंटीवरून काढायचा नाही. सणाच्या दिवशी जू नाही म्हणजे नाही. गल्लीतली माणसं हसायची. सांडू त्यांच्याकडं असा बघायचा की हसू ओठावरच वाळायचं. माणूस तापट होता. आणि तापट माणसाला खरं सांगायला लोक कचरतात, कुणी सांगितलंच तर तो ऐकत नाही, हे त्याचं पुढचं सगळं वाटोळं.

त्याची बायको मनकर्णाबाई. जमीन गेल्यावर ती त्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट करायला लागली. आपल्याच शिवारात दुसऱ्याचा झाडू मारायचा, यालाच विकास म्हणतात बहुतेक. एक दिवस ती तिथल्या लोखंडी जिन्यावरून घसरली आणि कंबरेचा मणका गेला. ठेकेदार म्हणाला, बाई त्या दिवशी कामावर नव्हतीच. सांडूनं त्याची गचांडी धरली, पोलीस आले, चार माणसांनी मिटवलं. मनकर्णाबाई खाटेवर आली ती तिथंच राहिली. भिंत धरून मोरीपर्यंत जायची, परत येऊन पडायची. बसवत नव्हतं. बसलं की कंबरेतून अशी कळ यायची की डोळे पांढरे व्हायचे. पायरी उतरून अंगणात येणंसुद्धा बंद झालं. दोन वर्षं तिनं आभाळ पाहिलं ते खिडकीच्या गजांतून, तेही समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीमागचं वितभर.

तोंड मात्र शाबूत होतं. एकदा सांडू तिच्या पायाला तेल लावत बसला होता. ती म्हणाली, "मेल्यावर उघड्यावर नेतालच. जित्तेपणी एकदा न्या की."

सांडूला ते लागलं. करमाडला असताना ज्वारी निसवली की दोघं शेतातल्या माळ्यावर झोपायची, राखणीला. चार मेढी, वर फळ्या, फळ्यांवर कडबा, कडब्यावर गोधडी. सगळ्या संसारात दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळालं असेल तर तेवढ्याच दिवसांत. घरात सासू होती, दीर होते, ढोरं होती. माळ्यावर फक्त ती दोघं आणि खाली वाऱ्यानं हलणारी कणसं. ती काय मागत होती ते त्याला बरोबर कळलं. पण बसू न शकणाऱ्या बाईला न्यायचं कसं?

तो इलाज सापडला एका भाड्यात. पुंडलिकनगरचा एक इंजिनियर सहकुटुंब म्हैसमाळला निघाला होता. वाटेत त्यानं मोबाइलवर दाखवलं, की लोक आता असल्याच गाडीत मागच्या सीटा आडव्या करून वर फळ्यांचा पलंग बसवतात. पलंगाखाली कप्पे, कप्प्यांत शेगडी, पाणी, भांडीकुंडी. डोंगरात जायचं, मागचं दार उघडायचं आणि तिथंच झोपायचं. कॅम्पिंग म्हणतात त्याला. सांडूनं घाटात गाडी बाजूला घेतली आणि तो व्हिडिओ दोनदा पाहिला. इंजिनियराला वाटलं म्हाताऱ्याला गंमत वाटली. सांडूला गंमत वाटली नव्हती. त्याला माळा दिसला होता.

घरी सांगितलं तर मुलगा काकासाहेब भडकला. काकासाहेब शेंद्र्याला कंपनीत ठेक्यावर होता, आणि जीप कामगारांच्या ने-आणीला लावायचं त्यानं वर बोलून ठेवलं होतं. दसऱ्यापासून जीप कंपनीच्या दारात, ड्रायव्हर कंपनीचा. आता त्या गाडीत पलंग कसला करता, आईला काय झेपणार आहे, वाटेत काही झालं तर कोण निस्तरणार, असं बरंच तो बोलला. सांडूनं सगळं ऐकून घेतलं, जे तो एरवी कुणाचं करत नसे. मग म्हणाला, "दसऱ्याला ने तुझी जीप. त्याच्या आत एक रात मव्ही." काकासाहेबानं मग ताणलं नाही. तेही आईकडं बघून, बापाकडं बघून नव्हे. मनकर्णाबाई खाटेवर पडून हसत होती, आणि ते हसू त्या घरात लई दिवसांनी दिसलं होतं.

सांडूकडं लाकूड होतं. बैल विकले तेव्हा गाडीही विकली, पण गाडीचा साटा त्यानं दिला नव्हता. साटा म्हणजे बैलगाडीतली माल भरायची, माणसं बसायची फळ्यांची बैठक. बाभळीचा, बापाच्या काळचा, तेल पिऊन काळा झालेला. गिऱ्हाइकानं विचारलं, साट्याशिवाय गाडी घेऊन काय करू? सांडू म्हणाला, तुझा तू बसव. तो साटा चिकलठाण्याच्या गच्चीवर ताडपत्रीखाली पडून होता. सांडूनं तो खाली उतरवला, जीपच्या मापाला कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या. मधली सीट पुढं दुमडली की तिची पाठ आडवी होते. साट्याचं पुढचं टोक तिच्यावर टेकवलं आणि मागच्या टोकाला बाभळीचेच दोन जाड खुटले लावले. खुटल्यांच्या मधल्या जागेत दोन लाकडी पेट्या सरकवल्या. एकीत शेगडी, पीठ, मीठ-मिरची. दुसरीत मनकर्णाबाईची औषधं, भांडं, जुन्या लुगड्यांच्या घड्या. साट्याची पुढची कड आणि ड्रायव्हरच्या सीटची पाठ यांच्यामध्ये चारेक बोटांची फट राहिली. ती त्यानं मुद्दाम ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवता यावा म्हणून.

मग जीप बद्रीनाथच्या दुकानापुढं उभी केली. जालना रोडच्या कडेला बद्रीनाथचं वेल्डिंगचं दुकान होतं, गेट-खिडक्या करायचा. करमाडचाच माणूस. त्याचीही जमीन गेलेली, पण तो त्यातून लवकर उठला होता आणि तोंडानं फाटका झाला होता. पेट्यांना लोखंडी पट्ट्या मारून घ्यायच्या एवढंच सांडूचं काम होतं. बद्रीनाथनं आत डोकं घालून साटा हलवून पाहिला.

"हा नुसताच ठेवला व्हय?"

"मग? बसलाय ना पक्का."

"भाऊ, खुटल्याला अँगल मारतो, खाली तळाला आरपार भोकं पाडून बोल्ट आवळतो. तासाचं काम हाय."

"भोक नाय पाडायचं."

बद्रीनाथला आधी कळलंच नाही. त्यानं पुन्हा समजावलं, की गाडीला काही होत नाही, रंग मारून देतो, गंज चढणार नाही. सांडूचा आवाज चढला. त्याच्या जमिनीत त्या शेडवाल्यांनी पहिलं काम काय केलं होतं तर भोकं पाडली होती. मशीन लावून बोअर घेतले, खांब रोवले, आणि तो बांधावर उभा राहून बघत होता. ते त्यानं बद्रीनाथला सांगितलं नाही. असलं कुणाला सांगत नसतात. त्यानं एवढंच सांगितलं की बापाच्या गाडीचा साटा कधी बोल्टानं आवळला नव्हता. नुसता ठेवलेला असायचा, त्याच्यावर पोती पडली की स्वतःच्या वजनानं बसायचा, आणि त्याच साट्यावरून जालन्याच्या मोंढ्यापर्यंत माल गेला होता, फळी हलली नव्हती.

बद्रीनाथ बिडी पेटवत म्हणाला, "बैल ब्रेक मारत नाय, भाऊ."

दुकानातली माणसं हसली. तिथं नुसता बद्रीनाथ असता तर कदाचित सांडूनं ऐकलं असतं. पण चारचौघांत हसू झालं आणि गडी पेटला. त्यानं पट्ट्या न मारताच पेट्या उचलल्या, जीप चालू केली आणि जाता जाता बद्रीनाथला म्हणाला, की तू गेटंच कर, तुला काळ्या मातीचं काय कळतंय. बद्रीनाथ मागून काहीतरी ओरडला. ते सांडूनं ऐकलं नाही.

निघायच्या दिवशी काकासाहेबानं आणि सांडूनं मनकर्णाबाईला गोधडीसकट उचलून साट्यावर ठेवलं. डोकं कुठं करायचं यावर थोडी खळखळ झाली. काकासाहेब म्हणाला पाय पुढं करा, डोकं मागच्या दाराकडं, हवा लागेल. ते ऐकूनच मनकर्णाबाई बिथरली. पुढं डॅशबोर्डवर शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाची पितळी मूर्ती चिकटवलेली, आणि त्याच्याखाली नवरा बसणार. देवाकडं आणि धन्याकडं पाय करून झोपायला ती काय मुडदा होती? तिनं हट्टानं डोकं पुढं करून घेतलं. सांडूच्या सीटच्या पाठीमागं तिची उशी, उशीपलीकडं फटीत तांब्या. पाय मागच्या दाराकडं. सांडूलाही तेच बरं वाटलं. मागचं दार उघडलं की तिला पायांपलीकडं सगळा मुलूख दिसेल. आणि गाडी चालवताना ती कानाजवळ बोलेल.

ती बोललीही. शहर ओलांडेपर्यंत गप्प होती. दौलताबादचा किल्ला मागं गेला तसं तिला तोंड फुटलं. खुलताबादला भद्रा मारुतीला तिनं पडल्या पडल्या हात जोडले. म्हैसमाळच्या चढाला लागल्यावर एका वळणावर साटा मागं सरकला. फार नाही, वितभरही नाही. खुटले मागच्या दाराला जाऊन टेकले. मनकर्णाबाई म्हणाली, "अवो, मी घसरले." सांडूनं जीप उभी केली, साटा ढकलून जागेवर आणला, रस्त्याकडेची एक जाड फांदी तोडून तिच्या दोन पाचरी केल्या आणि खुटल्यांच्या मागं दगडानं ठोकल्या. चढाला बैलगाडीतला माल मागं येतो, मग मागून टेकू द्यायचा. लहानपणापासून हाताला ठाऊक असलेलं काम. त्यानं साटा हलवून पाहिला. मागं तसूभर सरकत नव्हता. पुढं ओढून पाहायचं त्याच्या मनात आलं नाही.

वर पठारावर त्यानं जीपची पाठ उताराकडं केली आणि मागचं दार उघडलं. पाऊस सरलेला, गवत गुडघाभर वाढलेलं. खाली शेतांचे तुकडे, त्यापलीकडं आभाळ, आणि आभाळाला कुठं टाकी नाही, तार नाही, गज नाही. मनकर्णाबाईनं डोक्याखाली लुगड्याची आणखी एक घडी मागून घेतली. सांडूनं शेगडी पेटवली, भाकरी थापायला बसला. त्याच्या भाकरीला ती पडल्या पडल्या हसली, म्हणाली, ही भाकरी हाय का कंपनीचा पत्रा. अंधार पडल्यावर तोही तिच्या शेजारी साट्यावर आडवा झाला. दोघांनी पहाटेपर्यंत काय बोलून घेतलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. सांडूनं ते पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की तिनं झोपेत कूस बदलली आणि कण्हली नाही.

सकाळी उन्हं चढायच्या आत निघाली. दसऱ्याआधी अजून एकदा जमेल का, असं ती विचारत होती. सांडू म्हणाला, काकासाहेबाशी बोलतो. उतार लागला होता. तिसऱ्या का चौथ्या वळणावर शेळ्यांचा कळप रस्त्यात आडवा आला आणि सांडूनं ब्रेक दाबला.

शेळ्या वाचल्या. जीप थांबली. बाभळीचा साटा थांबला नाही. आधी तो सीटच्या पाठीवर येऊन आदळला, आणि गुळगुळीत फळ्यांवरून गोधडीसकट मनकर्णाबाई त्याच्याही पुढं आली. आवाज फार झाला नाही. ओलं पोतं खाली टाकावं तेवढा. तांब्या चेपला, पाणी सांडूच्या पाठीवर आलं. तो शेळ्यावाल्याला शिवी देणार होता, ती तोंडातच राहिली.

"मनकर्णे."

ती जागी होती. डोळे उघडे होते. डोकं सीटच्या पाठीत आणि साट्यात अडकून छातीकडं वाकलं होतं. ती म्हणाली, "मव्हे हात कुठं गेले?"

हात तिथंच होते, पोटावर. सांडूनं ते उचलून तिला दाखवले.

घाटीत, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, डॉक्टरांनी मानेचा मणका सांगितला. तरणी डॉक्टरीण होती, चांगली बोलली. तिनं विचारलं, पेशंट कशावर झोपली होती, पलंग गाडीला बांधलेला होता का? सांडू म्हणाला, नाय. का नाही, असं तिनं विचारलं नाही. बाहेर बाकड्यावर काकासाहेब बसला होता, त्यानंही विचारलं नाही. ते विचारलं मनकर्णाबाईनं, बऱ्याच दिवसांनी, सगळे पाहुणे येऊन रडून गेल्यावर. बद्रीनाथची गोष्ट तिच्या कानावर कुणीतरी घातली होती. मानेखाली आता तिचं असं काही उरलं नव्हतं. आवाज तेवढा होता, तोही बारीक.

"भोक पाडलं असतं तर काय जीप मेली असती?"

सांडू उठून बाहेर गेला. रागीट माणसाला राग काढायला कुणी तरी समोर लागतं. त्या दिवशी त्याला शोधूनही कुणी सापडलं नाही. ठेकेदार नाही, शेडवाले नाहीत, शेळ्यावालासुद्धा नाही.

दसरा गेला. जीप कंपनीला लागली नाही. काकासाहेबानं विषयच काढला नाही, बापाशी तो कामापुरतं बोलायचा. मनकर्णाबाईला पाठीला जखमा झाल्या, लघवीची नळी बदलायला, पट्टी करायला वरचेवर घाटीत न्यायचं आलं. तेही सरळ, सपाट, मान न हलवता. रिक्षात ती मावेना, आणि दर वेळी अँब्युलन्स मिळेना.

एक दिवस सांडूनं जीप बद्रीनाथच्या दुकानापुढं उभी केली. दुकानात माणसं होती. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "पाड भोकं."

बद्रीनाथ फाटक्या तोंडाचा, पण बिडी विझवून उठला. त्यानं दुकानातली माणसं चहाला घालवली. खुटल्यांना अँगल लावले, खडूनं खुणा केल्या, मशीन लावलं. गोऱ्ह्याचं नाक टोचताना मालक शिंगं धरून उभा राहतो, तसा सांडू बॉनेटवर हात ठेवून उभा होता. पत्रा ओरडायचा तेव्हा तो बॉनेट थोपटायचा. लोखंडाचा चुरा खाली पडत होता. एक भोक बद्रीनाथचं चुकलं, अँगलच्या बाहेर गेलं. ते तसंच राहिलं. त्यातून खालची माती दिसत होती.

सांडू जीप घेऊन सरळ करमाडकडं गेला. शेडच्या अलीकडं, रस्ता मोकळा बघून, त्यानं वेग घेतला आणि ब्रेक दाबला. साटा हलला नाही. पुन्हा वेग घेतला, पुन्हा दाबला. असं तो किती वेळ करत राहिला कोण जाणे. चौकीदार शिट्टी वाजवत धावत आला, पिऊन आलाय का म्हणून विचारायला लागला. सांडूनं मागं वळून साटा पाहिला. फळी जागची हलली नव्हती. ज्या मातीला तो जन्मभर आपली म्हणाला तिच्याच कडेला बसून तो स्टिअरिंगवर डोकं आपटत राहिला, चौकीदारानं आत हात घालून धरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी घाटीत न्यायला मनकर्णाबाईला साट्यावर घेतलं. डॉक्टरांनी पट्टे दिले होते, ते आवळले. काकासाहेबानं तिचे पाय पुढं केले, डोकं मागं. या वेळी त्यानं कुणाला विचारलं नाही.

ती छताकडं बघत म्हणाली, "पाय देवाकडं झाले का मव्हे?"

सांडूनं डॅशबोर्डवरचा खंडोबा उपटला. चिकटवलेला होता, खाली डाग राहिला. मूर्ती त्यानं मागं नेऊन तिच्या उशाशी ठेवली.

"कुठं ठेवला?"

"तुव्ह्या डोक्याशी."

तिला मान वळवता येत नव्हती. तिनं ते खरं मानलं. जीप निघाली. जालना रोडला लागली तशी चुकलेल्या भोकातून धूळ वर यायला लागली, साट्याखालून निघून तिच्या तोंडावर बसायला लागली. हात हलत नव्हते, त्यामुळं तिला ती पुसता येत नव्हती. काकासाहेब शेजारी बसून ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसत होता. सांडू आरशात ते बघत होता, आणि पुढं रस्ता मोकळा असला तरी गाडी बैलाच्या चालीनं हाकत होता.